शिलकीच्या पैशात रान घ्यावे, का भाड्याचा फ्लॅट?



उसाचे बिल जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले आणि तरीही चार पैसे गाठीला राहिले, की एक प्रश्न हमखास निघतो. शेजारचे रान विक्रीला निघाले आहे ते घ्यावे, का सोलापूर-लातूरला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा? आमच्याकडेही ही विचारणा होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, हाताशी २० लाख आहेत. (भाव गावोगाव वेगळे, आकडे फक्त हिशेबापुरते.) फ्लॅटला महिना ७ हजार भाडे आले तर वर्षाचे ८४ हजार दिसतात. पण महिनाभर जागा रिकामी राहते, सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, रंगरंगोटी, नळदुरुस्ती मालकाच्याच अंगावर. ६० हजार हाती उरले तरी पुष्कळ, म्हणजे शेकडा ३. तेवढ्याच पैशात एकरभर बागायत मिळाली, ४० टन ऊस निघाला आणि टनाला २,७०० पडले, तर १ लाख ८ हजार होतात. बेणे, खत, पाणी, मजुरी जाता ४५-५० हजार, तेही बारा-पंधरा महिन्यांनी. दोन्हीकडे मुदत ठेवीपेक्षा कमीच! पुढे भाव वाढेल ही आशा वेगळी. पण कर्ज काढून यातले काहीच घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मग निवड कशावर करायची? आमच्या मते पाण्यावर. आपला ऊस, बोअर, घरखर्च सगळे एकाच पावसावर उभे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कोण विसरेल? अशा साली जुना एकर वाळतो आणि नवा घेतलेलाही वाळतो, कारण दोन्ही एकाच आभाळाखाली. भाडे मात्र पावसावर अवलंबून नसते. अर्थात तेही अगदी बिनघोर नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शिकवण्या बंद पडल्या, पोरे गावी परतली आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या ओस पडल्या. ज्या इमारतीत पाण्याची ओरड, तिथे तर भाडेकरू टिकतच नाही.

तेव्हा विहिरीला पाणी शिल्लक आहे, घरात कष्टाची माणसे आहेत आणि रान बांधाला बांध आहे, त्याने रानच घ्यावे. ज्याचे आहे तेच रान उन्हाळ्यात भिजत नाही, त्याने आणखी रान घेऊन काय करायचे?

रान घेताना सातबारा नीट वाचा. आपल्या भागाला १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. इनामी, देवस्थानच्या जमिनीही पुष्कळ. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा दिसला की परवानगीची चौकशी केल्याशिवाय इसार देऊ नका. जुने फेरफार काढा, बहिणींचा हिस्सा राहिला आहे का पाहा. हमरस्त्यालगत गुंठ्या-गुंठ्याने 'प्लॉट' विकणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावे. तुकडेबंदीप्रमाणे २०२३ पासून शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा लगतच्या शेतकऱ्याला घेता येतो, परक्याला नाही.

फ्लॅटचे दुखणे वेगळे. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. हा कायदा मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. भाडेकरू ठेवताना "अकरा महिन्यांचा कागद आहे, नोंदणी कशाला?" असे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, मालकाने उलट शाबीत करेपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

करासंबंधी एवढेच, की शेतीचे उत्पन्न आयकरातून माफ आहे, भाड्याचे नाही. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के सूट मिळते. घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा.