जानुसंधिगत वात आणि मेदोधातू

संधिगत वाताचा रुग्ण ज्याच्या चिकित्सालयाची पायरी चढत नाही असा वैद्य शोधून सापडणार नाही. 'गुडघ्याची वाटी झिजली' हे निदान रुग्ण बहुधा घरूनच घेऊन येतो आणि 'वजन उतरवा' हा उपदेश आमच्याआधी चार जणांनी त्यास केलेला असतो. या उपदेशामागील विचार यंत्राचा आहे: भार वाढला म्हणून सांधा झिजला. तो विचार असत्य नव्हे. वजनात एक किलो घट झाली की दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले. परंतु भारानेच सर्व उलगडा होत असता, तर स्थूल व्यक्तींच्या हाताच्या बोटांतही हाच विकार अधिक प्रमाणात का आढळावा? बोटांवर तर कोणी चालत नाही.

या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे काही प्रयोग वैद्यमित्रांनी मुद्दाम लक्षात ठेवावेत असे आहेत. मेदपेशी लेप्टिन नावाचे द्रव्य स्रवतात, हे १९९४ पासून ज्ञात आहे. ज्या उंदरांत हे द्रव्य किंवा त्याचे ग्राहक जन्मतःच नाहीत, ते अतिस्थूल होतात. तथापि त्यांच्या गुडघ्यांत संधिक्षय वाढलेला नसतो, असे २००९ साली ग्रिफिन, गिलाक प्रभृतींना दिसले. त्याहून बोलका प्रयोग गिलाक यांच्याच गटाने २०२१ साली प्रसिद्ध केला. ज्या उंदरांच्या शरीरात मेदच नाही, त्यांचे वजन इतरांसारखेच असूनही सांध्यातील कूर्चा सुरक्षित राहिली. पुढे त्यांच्या शरीरात थोडा मेद रोपण केला, तेव्हा ती पुन्हा क्षयाला बळी पडू लागली. वजन तेच, फरक केवळ मेदाचा. उंदराचे सारे मनुष्यास लागू पडते असे आम्ही म्हणणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

गुडघ्याच्या वाटीखाली मेदाची एक गादी असते. हॉफा या जर्मन शल्यविदाने १९०४ साली तिच्या विकाराचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. १९९८ साली डाय या अमेरिकन अस्थिशल्यज्ञाने सांध्याच्या आत बधिरीकरण न करता स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालवून घेतली आणि आतील प्रत्येक भागास स्पर्श करवून संवेदना नोंदविल्या. (अशा धाडसाचे अनुकरण कोणी करू नये!) वाटीच्या कूर्चेला स्पर्श झाला, तर काहीच जाणवले नाही, मेदाच्या गादीला झाला तेव्हा तीव्र वेदना झाल्या. रुग्ण 'झीज' दुखते असे म्हणतो. दुखणारी वस्तू पुष्कळदा निराळीच असते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. अतिस्थूलाच्या ठिकाणी मेदच वाढत राहतो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, आणि मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नीला अधिकच प्रदीप्त करतो, हे चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात सांगितले आहे. अस्थी हा मेदाच्या पुढचा धातू. मागच्या धातूतच साठा अडकला, तर पुढच्याच्या वाट्याला काय येणार? वातव्याधिचिकित्सेत मेदाने आवृत झालेल्या वायूस 'आढ्यवात' म्हटले आहे. सरकणारा, स्निग्ध, मऊ व थंड शोथ आणि अरुची ही त्याची लक्षणे, व्याधी कृच्छ्रसाध्य.

'लेप्टिन आमच्या ऋषींना ठाऊक होते' अशी विधाने आपल्या परिषदांतून ऐकू येतात, ती आम्हांस मान्य नाहीत. आचार्यांनी रुग्ण पाहिला, प्रयोगशाळा नव्हे. त्यांचे निरीक्षण उपयोगी पडते ते चिकित्सेचा क्रम ठरविताना. कृश, रूक्ष, कटकट वाजणाऱ्या गुडघ्याचा वृद्ध शेतकरी आणि पन्नाशीतील स्थूल गृहिणी, या दोघांच्याही कागदावर 'संधिगत वात' असेच लिहिले जाते, आणि दोघांनाही तिक्तघृत व स्नेहबस्ती दिली जाते. पहिल्यास ती यथायोग्य आहे. दुसरीच्या ठिकाणी आभ्यंतर स्नेह प्रथमच दिल्यास आवरणाला खतपाणी मिळते. आढ्यवातात प्रमेह, वात व मेद यांची नाशक चिकित्सा करावी, असा स्पष्ट निर्देश असताना आपण तो ओलांडावा कशासाठी? गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार, जव, मूग, कुळीथ, रूक्ष उद्वर्तन, सुश्रुतोक्त लेखनबस्ती, आणि आवरण सुटल्यावर मगच स्नेह. जानुबस्तीने तात्पुरता आराम पडतो हे आम्हीही पाहतो. पण कणकेच्या पाळीतील तेल आवरणापर्यंत पोहोचते, असे मानण्यास आधार नाही.

स्थूल कोणास म्हणावे, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा देहभारांक २२.३ असा समान. शरीरातील मेद मात्र युडकिनांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२ टक्के. भारतीयांसाठी २३ पासून अतिभार व २५ पासून स्थौल्य मानावे, असे २००९ साली ठरले ते याचसाठी. म्हणून वजनकाट्यासोबत कंबर मोजण्याची फीतही टेबलावर हवी.

मेद उतरल्याने वेदना उतरते का? अमेरिकेत १८ महिने चाललेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५४ रुग्णांच्या चाचणीत आहार व व्यायाम एकत्र करणाऱ्यांना सर्वाधिक लाभ झाला. रक्तातील शोथदर्शक द्रव्य मात्र केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आहार सांभाळणाऱ्या दोन्ही गटांत अधिक घटले. २०२४ साली ४०७ रुग्णांवरील चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन १३.७ टक्के उतरले आणि वेदनाही नकली औषधाच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाली. वजन उतरविण्यासाठीचे त्याचे इंजेक्शन २०२५ पासून भारतातही मिळू लागले आहे, तेव्हा ते घेणारे रुग्ण आपल्याकडेही येणार. त्यांच्या वजनाबरोबर काही मांसही उतरते. मांडीचे स्नायू हा गुडघ्याचा आधार असल्याने, अशा रुग्णास खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखविण्यास सांगावे, दर भेटीत त्याची नोंद ठेवावी, आणि बल घटताना दिसल्यास लेखन तेथेच थांबवून बृंहणाचा विचार करावा.