पर्यावरणाचा प्रकल्प वहीबाहेर यावा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा केला. तेव्हापासून या विषयाचे प्रकल्प लिहिले जातात आणि गुण मिळाले की रद्दीत जातात. १०० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४० पाने एकाच बाजूने छापली, तर ४,००० कागद लागतात. दोन्ही बाजू वापरल्यास त्यातील निम्मे, म्हणजे ४ रिम वाचतात.

विजेचा हिशेबही असाच आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात ८ पंखे तासभर फिरत राहिले, तर २०० दिवसांत १२० युनिट वीज वाया जाते, तीही एकाच वर्गात. शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटणे बंद करावीत, एवढाच त्यावर उपाय.

कॅन्टीनमध्ये चहा कागदी कपाऐवजी काचेच्या ग्लासात घेणे उत्तम. कागदी कपाला आतून सहसा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याचे खत सहजासहजी होत नाही. याउलट उरलेले अन्न आणि पालापाचोळा यांचे खत आवारातच होऊ शकते. मग पाने जाळावी लागत नाहीत.

यासाठी ना मोठा निधी लागतो, ना समिती. महाविद्यालयांनी प्रकल्पासाठी ‘आपले आवार’ हाच विषय दिला, तर पंखे मोजणे, कचरा तोलणे, गळके नळ शोधणे ही कामे विद्यार्थीच करतील. अशा प्रकल्पाची वही रद्दीत गेली, तरी त्यातून लागलेली सवय मागे राहील.