मार्था योनासची कोण?

मैत्रिणींनो, लग्नघरात ‘ही तुझी कोण लागते?’ हे सांगण्यात आपला हात कोण धरणार? पण 2017 ते 2020 या काळात आलेल्या ‘डार्क’ या जर्मन मालिकेने भल्याभल्यांना कागद-पेन्सिल घ्यायला लावली. विंडेन गावातला छोटा मिकेल 2019 साली गुहेतून थेट 1986 मध्ये पोचतो, तिथेच वाढतो, लग्न करतो. त्याचा मुलगा योनास. आणि योनासचं प्रेम मार्थावर, म्हणजे मिकेलच्या बहिणीवर. सख्खी आत्याच की हो!

प्रेक्षकांनी मग वंशावळी मांडून तर्क लढवले. बार्टोश नावाचा मुलगाच पुढे पाद्री नोआ होतो, हा तर्क फार गाजला. तो चुकला. तिसऱ्या भागात बार्टोश नोआचा बाप निघाला!

मालिकेतलं 33 वर्षांचं चक्र मात्र अगदीच हवेतलं नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. आपण अधिक मास घालून मेळ राखतो. रमजानला ती सोय नाही, म्हणून तो सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण 33 वर्षांनी जागेवर येतो.

मला विचाराल तर मी मालिका पाहिली ती मिकेलच्या आईसाठी, काथारिनासाठी. ती मुलाला रानात शोधते. तो मात्र त्याच गावात मोठा होऊन, ‘हरवण्या’च्या काही महिने आधीच गळफास घेऊन गेलेला! दुसऱ्या भागात तिला हे कळतं. तरीही ती गुहेकडे निघतेच.