मजुराचें वय विचारणें हें कोणाचें काम?

आषाढांत मुठा खोऱ्यांत पाऊस लागला, चिखलणी झाली आणि रोपें हातास आलीं, म्हणजे शेतकऱ्यास एकच चिंता उरते, ती माणसांची. लावणी लांबली तर रोप वाढून जातें. गांवांतील तरणीं मुलें पिरंगुटकडील कारखान्यांत कामास जात असल्यामुळें घरच्या हातांनीं खाचरें उरकत नाहींत. अशा वेळीं मुकादम आठदहा माणसांची टोळी घेऊन दाराशीं उभा राहिला, तर आपण त्यास काय विचारतों? दर काय, आणि उद्यां येणार कीं नाहीं. फार झालें तर माणसें कोठलीं व कोणत्या जातीचीं, एवढें विचारतों. कायद्यानें जें विचारावयास सांगितलें आहे तें मात्र आपल्या तोंडीं येत नाहीं.

'कोठला?' हा प्रश्न आधीं बाजूस काढूं. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें भारताच्या नागरिकास देशांत कोठेंही जाण्याचा, राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क दिला आहे. कातकरी वाडीवरचा मजूर, मराठवाड्यांतला मजूर आणि बिहारमधून आलेला मजूर हे आपल्या खाचरांत उतरण्यास सारखेच पात्र आहेत. परदेशी मनुष्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याविषयींचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आला आहे. परंतु एखादा मनुष्य परदेशी आहे कीं नाहीं, हें ठरविणें सरकारचें काम आहे. बांगला बोलणारा मजूर मालदा किंवा मुर्शिदाबाद जिल्ह्यांतला, म्हणजे आपल्याच देशाचा असूं शकतो. बोलीवरून व पेहरावावरून निवाडा करण्याचा अधिकार शेतकऱ्यास कोणीं दिलेला नाहीं. ज्यांनीं भाड्यासाठीं खोल्या बांधल्या आहेत, त्यांनीं पोलिसांच्या आदेशाप्रमाणें भाडेकरूंची माहिती द्यावी, म्हणजे झालें.

मालकानें मजुराची पात्रता तपासावी, हा विचार अमेरिकेंत कसा मुरला तें पाहण्यासारखें आहे. १९५२ सालीं तेथें बेकायदा आलेल्या परदेशीयास आसरा देणें हा गुन्हा ठरला; परंतु टेक्सस प्रांतांतील बड्या शेतमालकांच्या आग्रहावरून, त्यास कामावर ठेवणें म्हणजे आसरा देणें नव्हे, अशी पुस्ती त्या कायद्यास जोडण्यांत आली! मजूर गुन्हेगार आणि त्याच्या घामावर पीक काढणारा मालक निर्दोष, असा हा न्याय ३४ वर्षें चालला. १९८६ च्या नोव्हेंबरांत तो बदलला. तेव्हांपासून प्रत्येक मालकास नव्या मजुराचे कागद पाहून फॉर्म भरावा लागतो. मात्र कागद दिसण्यांत खरा असला कीं मालक सुटला. त्यामुळें खोट्या कागदांचा बाजार वाढला, आणि पुष्कळ शेतमालकांनीं मध्यें कंत्राटदार उभा करून आपले हात झटकले. आपल्याकडील मुकादम आठवावा, इतकें हें ओळखीचें आहे.

त्याच वर्षीं, १९८६ च्या डिसेंबरांत, आपल्या देशांत बालकामगारांचा कायदा झाला. मूळ कायद्यानें कांहीं ठराविक धंदेच मुलांस बंद केले होते. त्यामुळें शेतकऱ्यास वाटे कीं ही कारखानदारांची भानगड आहे. २०१६ च्या दुरुस्तीनें ती पळवाट मिटली. आतां चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवतां येत नाहीं. आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांस धोक्याचीं कामें देतां येत नाहींत. चौदांखालील मूल ठेवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षें कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात; गुन्हा दखलपात्र आहे.

कायद्यांत 'कामावर ठेवणें' याबरोबरच 'काम करूं देणें' असेंही म्हटलें आहे, हें नीट ध्यानांत घ्यावें. आईबरोबर आलेलें पोर बांधावर बसतां बसतां रोपांच्या जुड्या उचलून देऊं लागलें, आणि मालकानें पाहून न पाहिल्यासारखें केलें, तरी मालक त्यांत सांपडतो. आपलें स्वतःचें मूल शाळा सुटल्यावर किंवा सुटींत आपल्या कुटुंबास हातभार लावील, तर धोक्याचें काम नसल्यास त्यास मोकळीक आहे. परंतु शेत आपलें असतां तेथें मजुराच्या मुलास 'घरचें काम' म्हणून राबवितां येणार नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या खाचरांत आलेल्या टोळींत एक मुलगी होती. हात भराभर चालत, पण ते हात लहान होते. मीं विचारलें तेव्हां मुकादम म्हणाला, "चौदा सरलीं, अण्णा," आणि त्यानें तिचें आधारकार्ड पुढें केलें. जन्मतारीख १ जानेवारी. हिशेबानें चौदा पुरीं. मीं कार्ड परत दिलें. तीन दिवसांत लावणी उरकली, आणि त्या वर्षीं भातही चांगलें आलें. दिवाळीनंतर दुसऱ्या कांहीं कामानिमित्त त्या वाडीच्या शाळेंत गेलों असतां गुरुजींनीं पट उघडला, त्यांत तिचें नांव होतें. वय अकरा. नांवापुढें कितीतरी दिवस गैरहजेरी मांडलेली होती. त्यांतले तीन दिवस माझे.

कार्डावरील तारीख ही पुष्कळदा अंदाजानें सांगितलेली असते. सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ सालीं एका अपघात-भरपाईच्या दाव्यांत वयासाठीं आधारकार्डापेक्षां शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. यासाठीं शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतींतील जन्माची नोंद पाहावी. जन्माची नोंद करणें १९६९ च्या कायद्यानें आवश्यक आहे. पण वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जन्मलेल्या मुलांची नोंद राहून जाते, आणि हा अनुभव कातकरी कुटुंबांस अधिक येतो. वयाविषयीं अधिकारी व मालक यांत वाद पडल्यास तो वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो. तेथवर प्रकरण जाऊं देण्यापेक्षां, शंका आली कीं मूल घरीं पाठवावें आणि त्याच्या आईस मजुरी पुरी द्यावी.

दुसरा प्रश्न उचलीचा. हा माणूस मोकळा आहे, कीं कोणाच्या पैशांत बांधलेला आहे? मुलाची मजुरी आईबापांनीं पैशांपोटीं गहाण टाकण्याचा करार १९३३ च्या कायद्यानें रद्दबातल ठरविला होता. परंतु असें मूल राबविणाऱ्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्यास तें ठाऊक होतें, किंवा ठाऊक असण्यास कारण होतें, हें दाखवावें लागे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यानें तराजू फिरविला. कर्ज हें वेठीचें नव्हे, हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर आला. आजारपणांत मजुरास चार पैसे दिले तर तो गुन्हा होत नाहीं. त्या पैशांपायीं त्यास दुसरीकडे कामास जातां येत नसेल, किंवा नाममात्र मजुरींत राबावें लागत असेल, तर ती वेठ होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि साहाय्य करणाऱ्यासही तीच. तेव्हां 'उचल मुकादमाची, माझी नव्हे,' एवढ्यानें निश्चिंत होतां येत नाहीं.

माझ्या मतें या साऱ्याचें मूळ उक्त्यांत आहे. एकराचा दर ठरला कीं मुकादमास हात जितके अधिक तितकें काम लवकर उरकतें. मग पोराचे हातही त्यांत मिळतात आणि मजुरी मात्र मोठ्या माणसांचीच मोजली जाते. रोजावर माणसें घेतलीं तर प्रत्येकाचें नांव विचारावें लागतें व पैसे त्याच्या हातीं द्यावे लागतात. पोर लपत नाहीं. रोजानें घेतल्यास खर्च थोडा वाढतो, हें मी नाकारीत नाहीं.

पुढच्या आषाढांत मीं त्याच मुकादमास सांगितलें कीं माणसें रोजावर घेईन, व ज्याच्या वयाविषयीं शंका येईल त्याचा दाखला पाहीन. तो हंसला आणि टोळी घेऊन निघून गेला. माझीं निम्मीं खाचरें आम्ही चार घरांनीं सावड धरून लावलीं. उरलेल्यांस वाडीवरचींच सहा माणसें रोजावर आलीं. लावणी आठ दिवस मागें पडली. त्यांत त्या मुलीचे आईबापही होते. मुलगी शाळेंत गेली आहे, असें आईनें मीं न विचारतांच सांगितलें.