तारखेवर टांगलेले जीव

११ मार्च २०२१ला पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं-मुली पुस्तकं मिटून शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना ती पुढे ढकलल्याचं महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं त्या दिवशी जाहीर केलं होतं. मुळात ही परीक्षा एप्रिल २०२०मधली. आधी करोना, मग आरक्षणाचा पेच, असं करत ती वर्षभर सरकतच होती. आंदोलनानंतर दुसऱ्याच दिवशी नवी तारीख आली : २१ मार्च.

ऑगस्ट २०२४मध्ये त्याच रस्त्यावर पुन्हा ठिय्या. या वेळी मागणी उलटी. २५ ऑगस्टला राज्यसेवा आणि बँकभरतीची आयबीपीएस या दोन्ही परीक्षा एकाच दिवशी आल्या होत्या, म्हणून आयोगानं आपली पुढे ढकलावी. ती ढकलली गेली आणि १ डिसेंबरला झाली. लांबून बघणारा म्हणेल, यांना परीक्षा हवी की नको, ते एकदाचं ठरवा! पण दोन्ही वेळचं दुखणं एकच होतं. तारीख आपल्या हातात नाही आणि तिचा भरवसाही नाही.

ताण म्हणजे कामाचा डोंगर, असं आपण धरून चालतो. शरीराचं गणित निराळं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगड उलटायचा, खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. २०१६मध्ये निष्कर्ष छापून आले. झटका बसणारच हे ठाऊक असलेल्यांपेक्षा, बसेल की नाही अशा निम्म्या-निम्म्या शक्यतेत अडकलेल्यांचा ताण जास्त होता.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, लक्ष एकवटतं. पेपरच्या सकाळी ही तयारी उपयोगाचीच. पेपर सुटला की शरीर निवळतं. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, नियुक्ती ही साखळी वर्षानुवर्षं लांबली, तर ते निवळणं राहूनच जातं. २०१९च्या परीक्षेतून निवडलेल्या ४१३ जणांचा निकाल जून २०२०मध्ये लागला. वर्ष उलटलं तरी नियुक्ती नव्हती. म्हणजे पास होऊनही सुटका नाही. मग झोप उडते, पोट बिघडतं, वाचलेलं टिकत नाही. दोष बिचाऱ्या मेसच्या आमटीवर जातो.

यावरचे उपाय साधे आहेत, म्हणून हसण्यावारी नेले जातात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं, संध्याकाळी पर्वती चढून येणं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणं. या शेवटच्या गोष्टीनं हृदयाची गती खरोखर मंदावते. श्वासाचा हा अभ्यास प्रयोगशाळेत आणण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं होतं. दुसरा उपाय वहीतला. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं, की परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांना जास्त गुण पडले. शिवाय आयोगाखेरीज दुसरी एखादी वाट आधीच ठरवून ठेवणं. अनेकांना ती माघार वाटते. प्रत्यक्षात तीच एक तारीख आपण स्वतः ठरवलेली असते.

अर्थात दीर्घ श्वासानं आयोगाचं वेळापत्रक सुधारत नाही. ते वेळेवर लावणं हे आयोगाचं आणि सरकारचं काम आहे, आणि त्यासाठी रस्त्यावर बसलेल्या मुलांना ध्यानधारणेचा सल्ला देणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणंच नको वाटू लागलं असेल, तर मात्र थांबू नये. १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. आणि गावाकडच्या आई-वडिलांना एक विनंती : रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न निकालाचा नको. जेवण बरं मिळतं का, ते आधी विचारा.