जुन्या फोटोंपासून शोभेच्या वस्तू करताय? आधी हे वाचा

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या कितीतरी घरांत पणजोबांचा एखादाच फोटो उरलेला असतो. निगेटिव्ह कधीच हरवलेली असते. असा फोटो कापून भिंतीवरचं घड्याळ, रेझिनचं कीचेन किंवा 'फॅमिली ट्री' करायचा मोह होतो. पण मूळ फोटो एकदा कापला की तो गेलाच.

फोटो खराब का होतात?

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चांदीचे बारीक कण जिलेटिनच्या थरात असतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत जिलेटिन फुगून चिकट होतं, म्हणून फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो. रंगीत फोटोतले रंग उन्हाने फिके पडतात. रेझिनमध्ये घातलेला फोटो परत काढता येत नाही, शिवाय रेझिन कालांतराने पिवळं पडतं.

मग काय करायचं?

• फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ३०० डीपीआयवर छापल्यास लांबी-रुंदी दुप्पट मिळते.
• काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करा.
• वस्तू प्रिंटपासूनच बनवा. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवा.
• मूळ फोटो कागदी पाकिटात, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवा.

आणखी एक काम आजच करा. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल, तर त्यांना नावं, नाती, गाव विचारा आणि पाकिटावर लिहून ठेवा. स्कॅन पुन्हा करता येईल, पण ही माहिती सांगणारं माणूस कायम असणार नाही.