कसब कोणाच्या मालकीचे?

कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण खेळावर पोट भरू लागलेला माणूस कामगारच असतो. मग करार, मजुरी आणि काम सोडून जाण्याचा हक्क, हे तिन्ही प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. क्यूबाच्या दोन आघाडीच्या खेळाडूंची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

क्यूबाचा लाडका खेळ बेसबॉल. फुटबॉलच्या विश्वचषकात हा देश १९३८ साली फ्रान्समध्ये खेळला. रुमानियाशी ३-३ अशी बरोबरी केली, फेरसामना २-१ असा जिंकला आणि पुढे स्वीडनकडून ८-० असा मार खाल्ला. १९५९ साली क्रांती झाली. १९६२ साली सरकारने धंदेवाईक खेळ बंद केला. त्यामागचा विचार टाकाऊ नव्हता. माणसाची खरेदी-विक्री होऊ नये, गरिबाच्या पोरालाही फुकट शिक्षण मिळावे, हा तो विचार. त्यातून मुष्टियुद्धात आणि मैदानी खेळांत क्यूबाने ऑलिंपिकची पदके मिळवली. पण परदेशी जाऊन कसबाची किंमत घ्यायची, तर पळून जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मायकेल गालिंदोने तेच केले. २००५ साली गोल्ड कप स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघ अमेरिकेत सिॲटलला गेला होता. तिथेच त्याने संघ सोडला. पुढे तो सिॲटलच्या संघाकडून आणि नंतर लॉस एंजल्सच्या चिवास संघाकडून खेळला. पोटाचा प्रश्न सुटला, पण राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले.

ओनेल हर्नांडेझची गोष्ट वेगळी. त्याचा जन्म १९९३ साली मोरोन गावी झाला. तो लहानपणीच जर्मनीत गेला आणि तिथेच खेळ शिकला. २०१८ साली तो इंग्लंडच्या नॉर्विच सिटीत आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने गोल केला. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा आणि गोल करणारा तो पहिला क्यूबन. तरीही क्यूबाकडून खेळण्यासाठी त्याला मार्च २०२१ पर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात, २०१३ साली, क्यूबाने आपल्या खेळाडूंना सरकारी क्रीडासंस्थेमार्फत परदेशी करार करण्याची मुभा दिली होती.

आता मुख्य प्रश्न. ज्याने शिकवले त्याचा काही हक्क नाही काय? आहे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांतच त्याची सोय आहे. तरुण खेळाडू परदेशी गेला, तर १२ ते २१ या वयात त्याला घडवणाऱ्या संस्थांना भरपाई मिळते. पुढे करार चालू असता तो रक्कम देऊन दुसऱ्या संघात गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्यांत वाटले जातात. याचा अर्थ असा की शिकवणाऱ्याचे देणे पैशात फेडता येते. त्यासाठी शिकलेल्याला डांबून ठेवावे लागत नाही. जो सरळ दाराने जातो, त्याच्यामागून हिशेबही चालत येतो. खिडकीतून उडी टाकणाऱ्याच्या मागे तो लावणे अवघड.

बाजाराने माणसाला माल समजू नये, हे खरेच. पण सरकारनेही त्याला जंगम मालमत्ता समजू नये. कामगाराच्या कसबावर पहिला हक्क कामगाराचा. बाकीच्यांचे हिशेब त्यानंतर.